बांबूच्या बेटात कविता शोधताना: जागा निवडण्यापासून खर्ड्यापर्यंत

बांबूच्या बेटात जाऊन लिहिलेली कविता पुष्कळदा घरीच लिहून झालेली असते. निघतानाच मनात बासरी असते, वादळात वाकणारी नम्रता असते, आतलं पोकळपण असतं. माणूस बेटात जातो, फोटो काढतो, वही उघडतो आणि सोबत नेलेलं तेवढंच कागदावर उतरवून परत येतो. यात प्रतिभेचा दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी लिहिणं आणि मग बघणं, असा तो उलटा क्रम. खाली दिलेल्या टप्प्यांत बघणं आधी आहे, ऐकणं त्यानंतर, विचारणं त्याच्यामागून आणि लिहिणं सगळ्यांत शेवटी.

उदाहरणासाठी सिंधुदुर्गातलं, कुडाळ-सावंतवाडी भागातलं माणगा या जातीच्या बांबूचं बेट धरलं आहे. विदर्भातल्या मानवेलाला किंवा घाटातल्या कळकाला हेच टप्पे चालतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. वेळ किती लागेल म्हणाल तर गावात दोन मुक्काम, बेटात तीन बैठका, मग आठ दिवसांचा खंड आणि त्यानंतर खर्डा. एका दुपारच्या सहलीत हे उरकत नाही.

टप्पा 1: कुठलं बेट, हे आधी ठरवा

पहिली चूक इथेच होते. डोक्यात क्योटोजवळच्या अराशियामाचं छायाचित्र असतं: मधून वाट, दोन्ही बाजूंना सुटे, सरळ, उंच बांबू. तो बांबू जमिनीखाली लांबवर मुळं पसरतो आणि अंतराअंतरावर एकेक काठी वर काढतो. आपल्याकडचे बहुतेक बांबू तसे वाढत नाहीत. एकाच गड्ड्यातून दाटीवाटीने काठ्या निघतात आणि झुबका तयार होतो. म्हणून तर आपण त्याला ‘बेट’ म्हणतो. त्यात वाट नसते आणि शिरायला जागाही नसते. अराशियामा शोधत गेलात तर बेट समोर असूनही दिसणार नाही.

जातीप्रमाणे काय बदलतं ते पाहा.

माणगा: बिनकाट्यांचा, साधारण 8 ते 10 मीटर उंच. शेताच्या बांधाला, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने, परसात लावलेला असतो. अगदी जवळ बसता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच निवडावा.

कळक किंवा काटस: खूप उंच आणि जाड, पण बुडाशी काटेरी फांद्यांची जाळी. चार-पाच पावलं लांबूनच बघावा लागतो. जवळून दिसणारे बारकावे इथे मिळत नाहीत, आवाज मात्र भरपूर मिळतात.

मानवेल: चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाटाकडचा. उन्हाळ्यात पानं गाळतो, काठी बरीचशी भरीव असते. तो बहुतांशी सरकारी जंगलात आहे.

नावं तालुक्यागणिक बदलतात. एकाच बांबूला एका गावात मेस म्हणतात, पलीकडच्या गावात चिवा. पुस्तकातलं नाव घेऊन जाऊ नका. मालकाला विचारा आणि तो सांगेल ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

परवानगी. कोकणातलं बेट जवळजवळ नेहमी कुणाच्या तरी मालकीचं असतं. आदल्या दिवशी घरी जाऊन विचारा, किती वाजता येणार आणि कुठे बसणार ते सांगा. ‘कविता लिहायची आहे’ म्हणायला लाजू नका. ‘जमीन बघायला आलोय’ असा संशय येण्यापेक्षा ते बरं. सरकारी जंगल असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पात गाडीतून उतरून बसण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे हा मार्गदर्शक वापरू नका.

> सावधान: तिलारी, दोडामार्ग भागात रानटी हत्तींचा वावर आहे आणि बांबू हे त्यांचं खाणं आहे. गावकरी ‘आज नको’ म्हणाले तर वाद न घालता परत फिरा.

टप्पा 2: ऋतू आणि घड्याळ

बेट वर्षभर हिरवं दिसतं, म्हणून कधीही गेलं तरी चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात दर तीन महिन्यांनी ते निराळी गोष्ट दाखवतं.

पावसाळ्यात, साधारण जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत, कोंब वर येतात. त्यांची वाढ दोन-तीन महिन्यांत पुरी होते. कोंब जमिनीतून निघतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. पुढे तो उंच होतो, पण जाड होत नाही. झाडाच्या बुंध्याशी असलेलं सगळं साम्य इथे संपतं, आणि हे ठाऊक नसलेला कवी ‘वर्षानुवर्षं रुंदावत गेलेला बांबू’ लिहून बसतो.

पाऊस सरला की तोड सुरू होते. तीन वर्षांवरच्या काठ्या निवडून काढतात. त्या दिवसांत बेटात कोयत्याचा आवाज असतो, ताज्या कापाचा ओलसर वास असतो आणि काल बंद असलेल्या जागी अचानक ऊन उतरलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली पानांचा जाड थर साचतो. बांबूच्या पानात सिलिका भरपूर असते, त्यामुळे तो लवकर कुजत नाही. तेव्हा पाऊल टाकलं की आधी तुमचाच आवाज होतो.

पहिल्या खेपेला पावसाळ्याचा उत्तरार्ध किंवा डिसेंबर निवडा. जुलैच्या झडीत वही उघडता येत नाही.

दिवसातल्या दोन वेळा पक्क्या ठेवा. सकाळची बैठक सूर्योदयाआधी अर्धा तास सुरू करा. कोकणात त्या वेळी वारा पडलेला असतो, त्यामुळे थेंब, पक्षी, कीटक असे बारीक आवाज ऐकू येतात. दुसरी बैठक दुपारी दोन ते चार. समुद्रावरून येणारा वारा तोवर चांगला धरतो आणि काठ्या बोलायला लागतात. सकाळी अकराला जाऊन बाराला परतणारा माणूस या दोन्हींना मुकतो, आणि बहुतेक लोक नेमके त्याच वेळी जातात.

टप्पा 3: पिशवीत काय

- पुठ्ठ्याच्या कव्हरची, खिशात मावणारी वही. मोठी वही मांडीवर घेतली की माणूस ‘लेखन’ करायला लागतो.
- 2बी शिसपेन्सिली दोन आणि टोकयंत्र. दमट हवेत जेलपेनाची शाई पसरते.
- वहीसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी.
- बसायला घोंगडीचा तुकडा किंवा रबरी चटई.
- घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण लांबीची पॅन्ट.
- हातभर दोरा आणि मोजपट्टी. कशासाठी, ते सहाव्या टप्प्यात.
- बॅटरी, पाणी, एक काठी.

मोबाइल न्या, पण विमान मोडवर. पहिल्या बैठकीत फोटो काढायचा नाही. फोटो काढला की ‘नंतर बघू’ अशी सोय होते आणि डोळा तिथेच थांबतो.

> सावधान: हिरवा चापडा हा विषारी साप बांबूच्या फांदीवर, बरेचदा हाताच्या उंचीवर, न हलता बसलेला असतो. फुरसं पाचोळ्यात आणि गडग्याच्या दगडांत असतं. न बघता काठीला हात लावू नका, पाचोळ्यात थेट बसू नका, आधी काठीने जागा हलवून घ्या. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही न करता अवयव स्थिर ठेवा, 108 वर फोन करा आणि रुग्णालय गाठा.

आणखी दोन लहान गोष्टी. कोवळ्या कोंबावरच्या खोळीला बारीक तपकिरी कुसं असतात, ती कातडीत घुसून तासन् तास खाजवतात, म्हणून उघड्या हाताने कोंब चोळू नका. तोडलेल्या काठ्यांच्या खुंटांत पाणी साचून डास होतात. अशा खुंटांपासून लांब बसा.

टप्पा 4: घरीच एक यादी करून टाका

निघण्याच्या आदल्या रात्री अर्धा तास बसा आणि ‘बांबू’ म्हटल्यावर मनात येईल ते सगळं लिहा. बासरी. कृष्ण. वादळात वाकणं, ताठ झाड उन्मळणं. आतून रिकामं म्हणून सुरेल. सुपापासून तिरडीपर्यंतची सोबत. हिरवं स्वप्न. आकाशाला भिडणं. पंधरा-वीस ओळी सहज होतील.

ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा. यांतलं काही वाईट आहे असं नाही. बांबूचं सूप आणि बांबूची तिरडी ही आपल्या घरांतली खरी वस्तुस्थिती आहे. पण हे सगळं तुम्हाला बेटात न जाताही ठाऊक होतं, तेव्हा बेटाकडून मिळालेलं म्हणून ते मोजायचं नाही. खर्डा झाल्यावर ही यादी पुन्हा लागेल.

पोकळपणाबद्दल एक वेगळी सूचना. माणगा बराचसा भरीव असतो, बुडाकडे तर हमखास. मानवेलाचंही तसंच. तोडलेल्या काठीचं टोक पाहा, नखाने टिचकी मारा. भरीव काठी ‘टक्’ वाजते, पोकळ काठी ‘टुंग’ करते. भरीव बांबूच्या बेटात बसून ‘आतल्या पोकळीचं गाणं’ लिहिलेल्या कविता कमी नाहीत. ज्याने आयुष्यभर माणगा तोडला तो वाचक पहिल्याच ओळीला वही मिटेल, आणि ते बरोबरच असेल.

टप्पा 5: पहिली बैठक, वीस मिनिटं हात रिकामे

1. बेटाभोवती एक पूर्ण फेरी मारा, हळू. कुठून ऊन येतं, वारा कुठल्या बाजूचा, नव्या काठ्या कुठे, ते बघा.
2. बेटापासून दोन-तीन पावलांवर बसा. वाऱ्याच्या दिवशी वाळक्या, मोडून अडकलेल्या काठ्यांखाली बसू नका.
3. वही पिशवीतच राहू द्या. वीस मिनिटं काही लिहायचं नाही.

पहिल्या पाच मिनिटांत पाठ केलेल्या ओळी येतात. दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. इथेच बरेच लोक वही काढतात आणि कंटाळ्यालाच शांतता असं नाव देऊन मोकळे होतात. पंधराव्या मिनिटाच्या आसपास तुम्ही आल्यामुळे गप्प झालेलं बेट पुन्हा आपल्या कामाला लागतं. पाचोळ्यात सरडा सरकतो, एखादा शामा पक्षी बोलू लागतो. त्यासाठी ही वीस मिनिटं.

> तपासा: वीस मिनिटांनंतर डोळे मिटून सांगता आलं पाहिजे की सर्वांत जवळच्या काठीला किती पेरं (गाठी) दिसत होती आणि तिची कुठली बाजू उन्हात होती. येत नसेल तर आणखी दहा मिनिटं.

टप्पा 6: एकच काठी, बुडापासून शेंड्यापर्यंत

आता वही काढा. संपूर्ण बेटावर लिहायचं नाही. एक काठी निवडा आणि पुढची सगळी बैठक तिलाच द्या.

बूड. काठी जमिनीतून नेमकी कुठून निघते ते पाहा. आपल्या बेटांत नवे कोंब बाहेरच्या कडेला येतात आणि जुन्या काठ्या मधोमध राहतात. म्हणजे बेटाचा मध्य हा त्याचा भूतकाळ असतो आणि कड हे यंदाचं वर्ष. दाट बेटात मधल्या काठ्यांना ऊन कमी पडतं. ही साधी रचना आहे, पण नीट पाहिली तर तिच्यात घर, गाव, पिढ्या यांबद्दल म्हणण्यासारखं बरंच सापडतं, आणि ते मागच्या यादीतलं नसतं.

वय. यंदाच्या काठीवर खोळी चिकटलेल्या असतात आणि पेरांखाली पांढरी भुकटी दिसते. बोटाने पुसली तर खालचा गर्द हिरवा रंग उघडा पडतो आणि पुसल्याची खूण तशीच राहते. जुनी काठी पिवळसर होते, तिच्यावर दगडफुलासारखे राखाडी ठिपके येतात. निवडलेल्या काठीचं वय अंदाजाने लिहा आणि मालकाकडून पडताळून घ्या.

पेर आणि कांडं. दोन पेरांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा, खालून वर, हात पोहोचेल तिथपर्यंत. बुडाशी कांडी आखूड असतात, मध्ये लांब होतात, शेंड्याकडे पुन्हा आखूड. आकडे एकाखाली एक लिहा. दहाव्या टप्प्यात ते उपयोगी पडतील.

इथे भाषेकडेही बघून घ्या. ‘पेर’ हा शब्द ‘पर्व’पासून आला. पर्व म्हणजे मुळात वेताची, बांबूची गाठ. ‘कांड’ म्हणजे दोन गाठींमधला भाग. महाभारताची पर्वं आणि रामायणाची कांडं हे दोन्ही शब्द असल्याच काठीवरून ग्रंथात गेले आहेत. आपल्या बोटालाही पेरंच असतात. तेव्हा काठी मोजताना बोटांवर मोजत असाल तर पेरांनी पेरं मोजत आहात. हे वहीत लिहून ठेवा, पण थेट कवितेत टाकू नका. व्युत्पत्ती सांगणारी कविता पटकन धडा होते.

डोळा. प्रत्येक पेराशी एक कळी असते, उसाला असतो तसा डोळा. लागोपाठच्या पेरांवर तो आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंना असतो. तपासून पाहा.

कोंब. पावसाळ्यात गेलात तर पहाटे कोंबाच्या टोकाला पाण्याचे थेंब दिसतात. रात्री पाऊस नसला तरी दिसतात. ते दव नव्हे, मुळांनी रात्रभर वर ढकललेलं पाणी असतं. वाढ बघायची असेल तर कोंबाशेजारी काठी रोवा आणि आजच्या टोकाच्या उंचीला तिच्यावर दोरा बांधा. उद्या पहाटे मोजा. दोरा कोंबालाच बांधण्याची चूक करू नका, तो कोंबाबरोबर वर जातो आणि मापच चुकतं.

नोंदी कशा लिहायच्या याचे नियम थोडे आहेत, पण मोडायचे नाहीत. वेळ घाला. नाम आणि क्रियापद लिहा. ‘जसा’, ‘जणू’, ‘वाटतं’ हे शब्द बैठक संपेपर्यंत बंद. ‘सुंदर’, ‘निःशब्द’, ‘गूढ’ हेही बंद. एका बैठकीत किमान तीस नोंदी व्हाव्यात, प्रत्येकी एक ओळ. दहाव्या नोंदीपर्यंत सगळ्यांना दिसतं तेच येतं. खरं काही बहुधा विसाव्यानंतर हाती लागतं, कारण तोवर सोपं सगळं लिहून संपलेलं असतं.

चालेल: ‘7.05. कोंब गुडघ्याएवढा. खोळीच्या टोकाला थेंब. रात्री पाऊस नव्हता.’
चालणार नाही: ‘निसर्गाच्या कुशीत कोंब जणू ध्यानस्थ.’

टप्पा 7: आवाजाची बैठक

दुपारची बैठक फक्त कानाची. डोळे मिटले तरी चालतील, खालची जागा आधी बघून घेतलेली असली म्हणजे झालं.

‘बांबूची सळसळ’ हा सर्वांत आळशी शब्दप्रयोग आहे. बेटात निदान चार निरनिराळे आवाज असतात. पानांचा वरचा आवाज सळसळ असतो खरा. वाळक्या खोळी काठीवर आपटतात तो फटफट असा असतो. दोन काठ्या एकमेकींवर घासतात तो करकर किंवा लांबलचक कुईं, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. आणि वारा एकदम सुटला की काठीवर काठी आदळून खट्. किड्यांनी पोखरलेल्या पोकळ बांबूत वारा शिरून शीळ वाजते, तो पाचवा, पण तो दर बेटात मिळत नाही. वाऱ्याने वाजणाऱ्या अशा बांबूला संस्कृतात ‘कीचक’ असा स्वतंत्र शब्द आहे.

आवाज नोंदवताना पाच रकाने आखा: वेळ, आवाज, कुठून, किती वेळ, मग काय. शेवटचा रकाना महत्त्वाचा. करकर थांबल्यावर काय ऐकू आलं? पुष्कळदा कवितेची जागा तिथे असते.

मग उठून करकरीचा उगम शोधा. जिथे दोन काठ्या रोज घासतात तिथे दोघींवर गुळगुळीत, तांबूस चट्टा पडलेला असतो, सालीची चकाकी गेलेली. बोट फिरवून बघा. जो आवाज इतका वेळ ऐकला त्याचं हे अंग आहे. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहण्याने काय होतं, याबद्दल या चट्ट्याएवढं नेमकं काही शोधून सापडणार नाही.

> तपासा: तुमच्या यादीत निदान तीन निरनिराळी ध्वनिवाचक क्रियापदं आहेत का? तीनही ‘सळसळणे’च असतील तर उद्या दुपारी परत बसा.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत करा आणि आठ दिवस ऐकू नका.

टप्पा 8: शब्द माणसांकडून घ्या

हा टप्पा सर्रास गाळला जातो आणि कविता त्यामुळेच पातळ होते. बांबूबद्दलचे जिवंत शब्द बेटाच्या मालकाकडे, तोड करणाऱ्याकडे आणि बुरूडकाम करणाऱ्यांकडे असतात.

वस्तू हातात घेऊन विचारा. ‘तुमच्याकडे बांबूला काय काय म्हणतात?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, हातात धरून ‘काका, ह्येका काय म्हणतत?’ विचारलं तर नाव येतं, त्यामागून तिचा उपयोग येतो आणि ती कशी बिघडते तेही येतं. वयाने मोठ्या बाई असतील तर काकी, मावशी म्हणावं. ‘अहो, जरा सांगता का’ असं शहरी घाईने विचारू नये. काम चालू असेल तर काम चालू राहू द्या, बाजूला बसा. तासभर वेळ घेतलात तर एखादं सूप किंवा रोवळी विकत घ्या, सांगतील त्या भावात.

नामं तर मिळतीलच: कांब, कामटी, डोळा, रोवळी, हारा, इरलं, कणगी. त्याहून क्रियापदं गोळा करा. बांबू फोडतात, कामट्या सोलतात, तासतात, भिजवतात, विणतात, काठाला वळवतात. क्रियापद हातात असलं की ओळ हलते. बांबू कसा बिघडतो ते मुद्दाम विचारा: कधी तोडला तर कीड लागते, कुठली काठी फुटताना वाकडी जाते, कुठली कामटी वळताना मोडते. बिघाडाचे शब्द पुस्तकात सहसा नसतात.

फुलोऱ्याबद्दलही विचारा. बांबूच्या काही जाती काही दशकांतून एकदाच, एकगठ्ठा फुलतात आणि त्यानंतर बेट वाळून जातं. गावातल्या वयस्कर माणसाने तो पाहिला असेल तर त्या वर्षी आणखी काय काय झालं ते ऐकून घ्या. फुलोऱ्याला ‘मरणापूर्वीचा उत्सव’ म्हणण्याची घाई नको. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते मोडलेलं उत्पन्न असतं.

> सावधान: मालवणी शब्द शोभेसाठी पेरू नका. एका कवितेत एखादाच अनोळखी शब्द, आणि तो ओळीतूनच कळला पाहिजे. तळटीप लागली तर शब्द चुकीच्या जागी आहे.

टप्पा 9: आठ दिवस वही बंद

गावाहून आल्या आल्या लिहू नका. परतीच्या गाडीत लिहिलेल्या कवितेत प्रवासाचा आनंद असतो, बेट नसतं.

आठ दिवसांनी वही न उघडता, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग वही काढून दोन्ही शेजारी ठेवा. आठवणीत राहिलं आणि वहीतही आहे, अशा नोंदींवर खूण करा. बहुधा तीन ते पाच निघतात. त्यांतली एक निवडा. दोन नोंदी एका कवितेत कोंबल्या तर थेंबही जातो आणि चट्टाही.

आठवणीत आहे पण वहीत नाही, असं काही निघालं तर सावध व्हा. ते चौथ्या टप्प्यातल्या यादीत आहे का ते बघा.

टप्पा 10: घाट आणि खर्डा

आधी नोंद जशीच्या तशी ओळींत तोडा. थेंबाची नोंद घेऊ. हात सैल सोडला तर पहिला खर्डा असा होतो:

हिरव्या स्वप्नांचा कोंब
आकाशाकडे झेपावतो

हे केळीच्या कोंबालाही लागू, गव्हाच्याही. बांबू इथे नाहीच. आता नोंदीकडे परत जा:

रात्री पाऊस नव्हता.
तरी कोंबाच्या टोकाला
पाणी,
खालून आलेलं.

इथे उपमा नाही, विशेषणही नाही. ‘खालून आलेलं’ ठेवायचं की काढायचं हा खरा निर्णय आहे. काढलं तर वाचक दव समजेल आणि पहिली ओळ वाया जाईल, म्हणून ठेवायचं. प्रत्येक ओळीला असाच प्रश्न विचारा: ही काढली तर कुठल्या दुसऱ्या ओळीचं नुकसान होतं? कुठल्याच नाही, तर ती काढा.

बेटाच्या रचनेसारखी नोंद असेल तर छंद घ्या. मोठ्या अभंगाचा घाट सोपा आहे: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचं.

जुने मधोमध । नवे कडेपाशी ।
उन्हाचे उपाशी । आतले ते ॥

शेवटचा चार अक्षरांचा चरण आखूड असतो, म्हणून तिथे नवं काही सांगू नका. आधीचं फक्त खाली टेकवा. नवशिके नेमका तिथेच उपदेश ठेवतात.

तिसरा मार्ग मोजपट्टीच्या आकड्यांचा. कांड्यांची मापं खालून वर जशी होती तशी ओळींची लांबी ठेवा: आखूड, मग लांबत जाणारी, मग पुन्हा आखूड. कविता खालून वर वाचायला लावू नका. आकडे फक्त ओळ कुठे तोडायची ते ठरवण्यासाठी. निदान एकदा हा सराव करा, कारण श्वास लांबवायची सवय त्यातून लागते. रोज असंच लिहू म्हणाल तर खेळ होईल.

एका नोंदीचे तीन खर्डे पुरेत. सातव्या खर्ड्यापर्यंत चट्टा पुन्हा गुळगुळीत ‘सहवास’ होऊन बसतो.

टप्पा 11: तपासणी

खर्डा मोठ्याने वाचा आणि पुढचं एकेक करून बघा.

- ‘बांबू’च्या जागी ‘निलगिरी’ घाला. कविता तशीच चालली तर सहाव्या टप्प्याकडे परत जा.
- शेवटच्या पानावरची यादी काढा. तिच्यातलं काही आलं असेल तर निदान एक ओळ बेटात पाहिलेल्या गोष्टीने त्याला छेद देते का?
- ऋतू आणि वस्तू जुळतात का? डिसेंबरच्या कवितेत कोवळा कोंब नको.
- शेवटची ओळ झाकून वाचा. कविता तिच्याआधीच संपली असेल तर ती ओळ काढा.
- बेटाच्या मालकाला वाचून दाखवा. ‘छान’ म्हणाले तर काही कळलं नाही. ‘तसा नाय, त्यो चट्टो पावसात काळो पडता’ असं म्हणाले, तर तेवढं दुरुस्त करा आणि आणखी काय काय काळं पडतं ते विचारा.

पुढच्या खेपेची तारीख ठरवताना त्याच काठीकडे जा. तोड झालेली असेल आणि काठी नसेल, तर खुंटापासून लांब बसून पुन्हा वीस मिनिटांनी सुरुवात करा.